कंपनीचा डेटा सर्व्हर रूममध्ये आणि तीन क्लाउडवर विखुरलेला असताना तो कसा सांभाळावा

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणारी, तीनशे-साडेतीनशे कर्मचाऱ्यांची एखादी कंपनी डोळ्यांसमोर आणावी. तिचे ईआरपी (खरेदी, उत्पादन आणि साठा सांभाळणारी यंत्रणा) आणि टॅली कारखान्यातल्याच सर्व्हर रूममध्ये चालतात, मेल आणि कागदपत्रे मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहेत, वितरकांसाठीचे पोर्टल एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांच्या समूहात) आहे आणि विक्री विभागाने दोन वर्षांपूर्वी कोणाला फारसे न विचारता गूगल क्लाउडवरील बिगक्वेरी या विश्लेषणाच्या सेवेत खाते उघडलेले आहे. अशी रचना कोणी बसून आखलेली नसते. जुन्या घराला गरजेप्रमाणे पडवी निघते, मग मागे एक खोली निघते, तशी ती वाढत गेलेली असते.

स्वतःच्या जागेतील सर्व्हर आणि बाहेरचा क्लाउड यांची सांगड घातली की त्याला हायब्रिड म्हणतात, आणि एकाहून अधिक कंपन्यांचे क्लाउड वापरात असले की मल्टी-क्लाउड. वरच्या कंपनीत दोन्ही आहेत, आणि बहुतेक ठिकाणी दोन्हीच असतात. नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या हाती तीन-चार पासवर्ड, एक जुनी एक्सेल फाइल आणि "आता हे सगळे तुम्हीच बघा" एवढा निरोप येतो. त्याने कोणत्या क्रमाने काम करावे, ते येथे मांडले आहे. क्रमावर माझा भर आहे, कारण या कामात साधनांची वानवा नाही; आधी महागडे साधन विकत घ्यायचे आणि मग आपला डेटा नक्की कुठे आहे हे शोधत बसायचे, ही चूक मात्र सर्रास होते.

पहिली पायरी : डेटाचा सातबारा

जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी आपण सातबारा पाहतो, कारण जमीन कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती, पीक कोणते आणि बोजा कोणाचा, हे त्या एका कागदावर कळते. डेटाचाही असाच उतारा तयार करावा. प्रत्येक डेटासंचासाठी एक ओळ आणि त्या ओळीत आठ रकाने पुरेत: डेटा कशाचा आहे, कोणत्या यंत्रणेत आणि कोणत्या रीजनमध्ये आहे, मालक कोण, तांत्रिक सांभाळ कोणाकडे, त्यात व्यक्तिगत माहिती आहे का, त्याच्या प्रती कुठे कुठे जातात, तो किती काळ ठेवायचा आहे, आणि किती तास मिळाला नाही तर काम अडते. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि पुढे बॅकअपचे सगळे निर्णय अंदाजपंचे घेतात. मालकाच्या रकान्यात "आयटी विभाग" असे कधीही लिहू नये. पगाराच्या डेटाचा मालक मनुष्यबळ विभागाचा प्रमुख असतो. आयटी विभाग त्या जमिनीचा फार तर कूळ आहे.

लपलेली खाती शोधण्यासाठी नेटवर्क तपासण्याच्या साधनांआधी लेखा विभागात जावे. क्लाउडची खाती तंत्रज्ञांच्या नजरेतून सुटतात, पण बिल सुटत नाही. मागील बारा महिन्यांची कंपनी क्रेडिट कार्डांची विवरणे आणि जीएसटीची आलेली बिले चाळली की बिगक्वेरीचे ते खाते, कोणीतरी घेतलेली फाइल साठवण्याची वर्गणी आणि संपलेल्या प्रकल्पाचा अजून चालू असलेला सर्व्हर, हे सगळे एका दुपारीत समोर येते.

ही नोंदवही एक्सेलमध्ये असली तरी चालेल, पण तिच्यातली मुख्य माहिती क्लाउडमधल्या प्रत्येक साधनावर टॅगच्या, म्हणजे छोट्या चिठ्ठीच्या, रूपानेही लावावी. इथे एक बारीक खाच आहे. एडब्ल्यूएसमध्ये टॅगच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी मानली जातात, अ‍ॅझ्युर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये टॅगच्या नावांपुरता तो भेद पाळला जात नाही आणि गूगल क्लाउडच्या लेबलांमध्ये कॅपिटल अक्षर चालतच नाही. त्यामुळे सगळी नावे पहिल्या दिवसापासून स्मॉल अक्षरांत आणि मधे रिकामी जागा न सोडता ठरवावीत, नाहीतर सहा महिन्यांनी एकाच विभागाचा खर्च अहवालात तीन नावांनी दिसू लागतो. आणि जमिनीचा फेरफार जसा वेळच्या वेळी नोंदवावा लागतो, तसा या वहीचाही दरमहा एक दिवस ठरवून नोंदवावा.

दुसरी पायरी : वर्ग आणि कायदा

वर्गीकरणाचे पाच-सहा स्तर कागदावर छान दिसतात, पण कोणी पाळत नाही. सार्वजनिक, अंतर्गत आणि संवेदनशील हे तीन वर्ग पुरे आहेत. कोणता डेटा कुठल्या वर्गात जातो हे मालकाने ठरवायचे. आपण फक्त प्रश्न विचारायचे.

कायद्याच्या बाबतीत तीन गोष्टी माहीत असल्याच पाहिजेत. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. दुसरी गोष्ट, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश: ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांचे लॉग (कोणी कधी काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. तिसरी, पैशांच्या व्यवहारांशी थेट संबंध असणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंट यंत्रणेचा डेटा भारतातच साठवला पाहिजे. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला हे तिसरे बंधन थेट लागू होणार नाही, पण "सगळाच डेटा भारतात हवा असा कायदा आहे" असे सांगणारे विक्रेते भेटतात, म्हणून कोणता नियम कोणाला लागू आहे हे स्वतः वाचलेले बरे. भारतात ठेवायचे ठरवले तर अडचण नाही: अ‍ॅझ्युरचे सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, एडब्ल्यूएस मुंबई आणि हैदराबादला आहे, गूगल मुंबई आणि दिल्लीला आहे. फक्त बॅकअप आणि रेप्लिका (सतत ताजी राहणारी जुळी प्रत) यांचे रीजनही तपासावे, कारण मूळ डेटा मुंबईत आणि प्रत सिंगापुरात, असे नकळत होऊन बसते.

तिसरी पायरी : आत कोण येतो आणि काय करू शकतो

वेळ कमी असेल तर सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या डेटा प्लॅटफॉर्मच्या अनेक ग्राहकांचा डेटा चोरीला गेला. तपासात सुमारे १६५ संस्थांना सावध करण्यात आले. प्लॅटफॉर्म फोडला गेला नव्हता. संगणकांत शिरलेल्या घातक प्रोग्रॅमांनी पूर्वी कधीतरी चोरलेले पासवर्ड वापरून चोर सरळ दारातून आत आले होते, आणि त्या खात्यांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावलेली नव्हती. त्याच्या दहा वर्षे आधी, जून २०१४ मध्ये, कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या एडब्ल्यूएस नियंत्रण कक्षात हल्लेखोर घुसला, त्याने डेटा आणि बहुतेक बॅकअपही पुसले, आणि ती कंपनी बंद पडली.

यावरून कामे अशी निघतात. सर्व क्लाउडमध्ये माणसांचा प्रवेश एकाच ओळखव्यवस्थेतून व्हावा, म्हणजे आपल्या उदाहरणात मायक्रोसॉफ्ट ३६५ सोबत असलेल्या एन्ट्रा आयडीतून. एडब्ल्यूएस आणि गूगल क्लाउड दोन्ही तिच्याशी जोडता येतात. असे केले की नोकरी सोडणाऱ्याचे खाते एका ठिकाणी बंद केल्याने नवे प्रवेश सगळीकडचे बंद होतात. प्रत्येक क्लाउडचे मूळ, म्हणजे रूट किंवा सर्वोच्च प्रशासकाचे, खाते यातून बाहेर ठेवावे, त्याला हार्डवेअरची किल्ली लावावी, आणि ती किल्ली व तिची जोडीदार किल्ली दोन वेगळ्या माणसांच्या कुलपात असाव्यात.

अधिकार देताना तिन्ही क्लाउडची रीत वेगळी आहे, आणि नवख्याची फसगत इथेच होते. एडब्ल्यूएसमध्ये स्पष्ट नकार लिहिला की तो कोणत्याही परवानगीवर मात करतो. अ‍ॅझ्युर आणि गूगल क्लाउडमध्ये मात्र वरच्या पातळीवर दिलेला अधिकार खाली झिरपतो आणि नेहमीच्या पद्धतीने खालच्या पातळीवर तो काढून घेता येत नाही. म्हणून त्या दोन ठिकाणी सबस्क्रिप्शनच्या (म्हणजे अख्ख्या खात्याच्या) किंवा संपूर्ण संस्थेच्या पातळीवर भूमिका, म्हणजे अधिकारांचा गठ्ठा, देण्याचा मोह टाळावा. ज्याला एका फोल्डरचे काम आहे त्याला तेवढ्याचीच परवानगी द्यावी, मग ते द्यायला दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

माणसांपेक्षा प्रोग्रॅमांची खाती अधिक धोकादायक असतात, कारण त्यांच्यावर कोणी संशय घेत नाही. कॅपिटल वन या अमेरिकन बँकेच्या २०१९ मधील प्रकरणात चुकीच्या रीतीने बसवलेल्या फायरवॉलमधून हल्लेखोराने त्या फायरवॉलच्याच भूमिकेची तात्पुरती ओळखपत्रे मिळवली, आणि त्या भूमिकेला गरजेपेक्षा कितीतरी जास्त डेटा वाचता येत असल्याने अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. तो डेटा कूटबद्ध (एन्क्रिप्ट केलेला, किल्लीशिवाय न वाचता येणारा) होता, तरी उपयोग झाला नाही. मिळालेल्या प्रवेशानेच तो उलगडताही आला. फायरवॉलला ग्राहकांच्या अर्जांच्या फाइली वाचण्याचे काय काम, हा प्रश्न आधी कोणी विचारला असता तर पुढचे बरेचसे टळले असते. आपल्या यादीतील प्रत्येक सर्व्हिस अकाउंटला, म्हणजे प्रोग्रॅमाच्या खात्याला, हाच प्रश्न विचारावा.

चौथी पायरी : किल्ल्या

आज तिन्ही मोठ्या क्लाउडमध्ये साठवलेला डेटा आपोआप कूटबद्ध होतो, त्यामुळे "एन्क्रिप्शन आहे का" या प्रश्नात फारसा अर्थ उरलेला नाही. किल्ली कोणाच्या ताब्यात आहे आणि ती हरवली तर काय, हे विचारावे. अंतर्गत डेटाला क्लाउडची स्वतःची किल्ली चालते. संवेदनशील डेटासाठी आपण नियंत्रित करत असलेली किल्ली घ्यावी आणि ती वापरणारा माणूस व तिचे व्यवस्थापन करणारा माणूस वेगळे ठेवावेत. किल्ली पुसण्याचा आदेश दिला तरी एडब्ल्यूएस ती लगेच नष्ट करत नाही, ७ ते ३० दिवस थांबते. अशा आदेशाचा इशारा किमान दोघांच्या फोनवर आला पाहिजे, कारण किल्ली गेली की डेटा असून नसल्यासारखाच.

एका कंपनीत डेटा परत मिळवण्याच्या सरावाला मी बसलो होतो. मूळ क्लाउड खाते पूर्णपणे हातचे गेले आहे, असे गृहीत धरून दुसऱ्या खात्यातील बॅकअप उघडायचा होता. फाइल होती, ताजी होती, आकारही बरोबर होता. इंजिनिअरने आदेश दिला आणि पडद्यावर प्रवेश नाकारल्याचा संदेश आला. पुन्हा दिला, पुन्हा तेच. बॅकअप दुसऱ्या खात्यात ठेवण्याची दक्षता घेतली होती, पण तो ज्या किल्लीने बंद केला होता ती किल्ली मूळ खात्यातच राहिली होती. तिजोरी शेजाऱ्याकडे ठेवून चावी जळणाऱ्या घरात विसरावी, तसा तो प्रकार होता. नशीब एवढेच की तो सराव होता. त्या दिवसापासून माझ्या नोंदवहीत "प्रतीची किल्ली कुठे" असा नववा रकाना आला आहे.

पाचवी पायरी : रस्ते

सर्व्हर रूम आणि क्लाउड यांच्यात सुरुवातीला साधे व्हीपीएन (इंटरनेटवरूनच जाणारा बंदिस्त मार्ग) पुरते. रोजची मोठी देवाणघेवाण असेल तरच भाड्याच्या खास जोडणीचा विचार करावा. त्याआधी आयपी पत्त्यांचे (नेटवर्कवरच्या यंत्रांच्या क्रमांकांचे) वाटप एका कागदावर लिहून काढावे. एडब्ल्यूएसचे आयते नेटवर्क १७२.३१ ने सुरू होते, गूगलचे आपोआप बनणारे १०.१२८ पासून पुढची मोठी जागा अडवते आणि कारखान्यात कोणीतरी दहा वर्षांपूर्वी मनाला येईल ती मालिका वापरलेली असते. दोन बाजूंचे पत्ते एकमेकांवर आले की जोडणी होत नाही, आणि तेव्हा चालू सर्व्हरांचे पत्ते बदलण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नाही. डेटाबेसला इंटरनेटवरचा सार्वजनिक पत्ता देऊ नये, चाचणीपुरताही नाही.

सहावी पायरी : लॉग आणि घड्याळ

घटना घडल्यावर लॉग नसतील तर आपण फक्त तर्क करत बसतो. आयत्या सोयींवर विसंबता येत नाही, कारण एडब्ल्यूएसचा क्लाउडट्रेल हा लॉग विनाशुल्क ९० दिवसांचाच इतिहास दाखवतो, अ‍ॅझ्युरचा अ‍ॅक्टिव्हिटी लॉगही ९० दिवसांचाच असतो, आणि सर्ट-इनला १८० दिवस हवे आहेत. शिवाय क्लाउडट्रेल मुळात साधने कोणी बनवली, बदलली, पुसली हे नोंदवतो; एस-३ या एडब्ल्यूएसच्या फाइल-साठवणीतली अमुक फाइल कोणी वाचली, ही नोंद वेगळी चालू करावी लागते आणि तिला पैसे पडतात. गूगल क्लाउडमध्येही डेटा वाचल्याच्या नोंदी बिगक्वेरीचा अपवाद वगळता बहुतांशी बंदच असतात. सगळीकडे चालू केल्यास बिल फुगते. म्हणून दुसऱ्या पायरीत "संवेदनशील" ठरलेल्या डेटापुरत्याच त्या चालू कराव्यात. सर्व लॉग एका वेगळ्या खात्यात जमा व्हावेत आणि त्या खात्यात रोजच्या प्रशासकालाही काही पुसता येऊ नये.

आता घड्याळ. क्लाउडचे लॉग यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, कारखान्यातला सर्व्हर भारतीय वेळेवर चालतो, आणि दोहोंत साडेपाच तासांचे अंतर आहे. १५ तारखेच्या पहाटे अडीच वाजता ईआरपीमधून फाइल निघाली असेल, तर क्लाउडच्या लॉगमध्ये ती घटना १४ तारखेच्या रात्री नऊला सापडते. तारीखच बदलते, आणि रात्रभर जागलेला माणूस पंधरा तारखेची पाने उलटत बसतो. जमा होतानाच सगळ्या वेळा यूटीसीमध्ये आणाव्यात, आणि स्वतःच्या सर्व्हरांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (अचूक वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवावीत. सर्ट-इनच्या निर्देशांतही हे आहे.

सातवी पायरी : प्रती, आणि त्या उघडून पाहणे

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दूर, हा जुना नियम अजूनही खरा आहे. क्लाउडच्या काळात "दूर" या शब्दाचा अर्थ तेवढा बदलला. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, अशांचे दोन्ही गेले. पण आगच लागावी लागते असे नाही. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा गूगलकडील खाजगी क्लाउड मे २०२४ मध्ये आपोआप पुसला गेला. तो उभारताना गूगलच्या बाजूने एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे त्याला नकळत एका वर्षाची मुदत लागली, आणि वर्ष भरताच यंत्रणेने निमूटपणे तो काढून टाकला. दोन झोनमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या जागांत) पसरलेला असण्याचा काही उपयोग झाला नाही. सहा लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. गूगलच्याच वेगळ्या साठवणीतील प्रती वाचल्या होत्या आणि निधीने दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवला होता, म्हणून सगळे परत उभे राहिले. मल्टी-क्लाउडचा खरा फायदा मला इथे दिसतो. एकच अ‍ॅप्लिकेशन दोन क्लाउडवर एकाच वेळी चालवण्याचा घाट छोट्या कंपनीने घालू नये. बॅकअपची एक प्रत मात्र दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या प्रवेशव्यवस्थेखाली असावी.

त्या प्रतीला कुलूप लावावे. एस-३ चे ऑब्जेक्ट लॉक, अ‍ॅझ्युरची अपरिवर्तनीय साठवण आणि गूगलचे बकेट लॉक ही सोय देतात. एस-३ मध्ये कम्प्लायन्स प्रकार निवडला तर ठरलेल्या मुदतीपर्यंत ती प्रत रूट वापरकर्त्यालाही पुसता येत नाही. म्हणूनच पहिली चाचणी एका दिवसाच्या मुदतीने, छोट्या फाइलवर करावी. चुकून दहा टेराबाइट सात वर्षांसाठी बंद केले, तर सात वर्षे भाडे भरत राहावे लागेल. मायक्रोसॉफ्ट ३६५ ही इथे विसरले जाते. त्यातल्या शेअरपॉइंट या कागदपत्रांच्या साठ्यातून काढलेली फाइल कचरापेटीत ९३ दिवस राहते, त्यानंतर जाते. हा बॅकअप नव्हे.

मग हिशेब. क्लाउडमध्ये डेटा घालणे फुकट असते, बाहेर काढायला पैसे पडतात. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनचा इंटरनेटवर डेटा काढण्याचा दर सुरुवातीच्या टप्प्यात गिगाबाइटला सुमारे ११ सेंट आहे, म्हणजे दहा टेराबाइटला हजार-अकराशे डॉलर. पैशांहून वेळ महत्त्वाचा: १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने आणि अखंड चालली, तरी दहा टेराबाइट कारखान्यात उतरवायला सव्वानऊ दिवस लागतात. म्हणून प्रत जिथे आहे तिथेच, त्या क्लाउडमध्येच, तात्पुरती यंत्रणा उभी करण्याची तयारी हवी.

बॅकअपच्या अहवालातील हिरव्या खुणांवर माझा विश्वास नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, हा बाणा इथे ठेवावा. दर तिमाहीत एक डेटासंच निवडावा, आधीच्या सरावातला नसलेला, आणि तो उभा करण्याचे काम ज्याने बॅकअप लावला त्याच्याऐवजी दुसऱ्याला द्यावे, हातात फक्त लेखी कृतिक्रम देऊन. सुरुवातीची वेळ फळ्यावर लिहावी. डेटा परत आला की एवढ्यावर थांबू नये. लेखा विभागातील कोणाला तरी बोलावून मागील महिन्याची दोन बिले त्यातून काढून दाखवायला सांगावे, आणि ती जुळली की मगच शेवटची वेळ लिहावी. नोंदवहीच्या आठव्या रकान्यात "चार तास" लिहिलेले असेल आणि फळ्यावर अकरा तास भरले असतील, तर दोन्ही आकडे घेऊन डेटाच्या मालकाकडे जावे. अकरा तास चालतील असे तो म्हणाला तर त्याची सही घ्यावी. नाही म्हणाला, तर पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकातली आपली मागणी त्याच्याच नावाने पुढे जाते.